सुन्या, तुझा तो विट्याचा पेपर

सांगली,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुन्या,

दीड वर्ष झालं, फोन नाही की मेसेज नाही. चूक माझी. तब्येत बरी आहे, गुडघा पावसात ठणकतो, आईची शुगर ताब्यात आहे. झालं.

आता मुद्द्याचं. मी बी.ए.ला नाव घातलंय. नाशिकचं मुक्त विद्यापीठ, वय एकतीस, पुन्हा पहिल्या वर्षापासून. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. पाहिजे आणि बी.पी.एड.ला आधी पदवी, हे आपले कबड्डीचे सर आमराईत घसा फोडून सांगायचे. पण २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपल्या पोरांच्या डोक्यातून पुस्तकं गेली. माझ्या तर आधी गेली. तिसऱ्या वर्षाचे पेपर सोडून मी खेळायला गेलो, ते आजतागायत.

पहिल्या रविवारी तासाला गेलो तर एका पोरानं उठून खुर्ची दिली, "बसा सर." मी त्याच्या शेजारीच बसलो. आता तो रोज नोट्सचे फोटो पाठवतो. चांगला पोरगा आहे.

खरी काळजी हाताची. उजव्या हाताची मधली दोन बोटं तुला माहीतच आहेत. कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर उभं राहून चढाईवाल्यांचे घोटे धरून धरून ती वाकडी झाली. पेन धरलं की वीस मिनिटांत पेरं ताठतात, मग अक्षर खाली उतरत जातं. रोज पहाटे गजर लावून लिहितो. काल चाळीस मिनिटं झाली. पेपर तीन तासांचा. पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बघितला, जाड झालं की थोडं बरं धरता येतं. बायको म्हणते डॉक्टरकडे जा, आई म्हणते हळदीचा लेप लाव. सांगलीत दुसरं काय सुचणार!

पण सुन्या, पत्र त्यासाठी नाही. भाचा बास्केटबॉल खेळतो, त्यानं अमेरिकेतल्या खेळाडूंचं सांगितलं. स्टेफन करीनं २००९ ला डेव्हिडसन कॉलेज सोडलं आणि २०२२ ला पदवी पुरी केली. पदवी नसलेल्याच्या जर्सीचा नंबर सन्मानानं निवृत्त करायचा नाही असा त्या कॉलेजचा नियम, म्हणून इतका मोठा झाला तरी त्याचा ३० नंबर तोवर थांबला. हे ऐकून बरं वाटलं. मग भाच्यानं विन्स कार्टरचं सांगितलं आणि माझा घास घशाशी अडकला.

२० मे २००१. सकाळी चॅपेल हिलच्या विद्यापीठात त्याचा पदवीदान समारंभ, त्याच दिवशी फिलाडेल्फियात त्याच्या संघाचा मालिकेतला सातवा, शेवटचा सामना. तो पदवीदानाला गेला, तिथून विमानानं सामन्याला. शेवटची फेक त्याच्या हातात होती, ती चुकली. ८८-८७. एका गुणानं हरले. आणि लोकांनी खापर फोडलं त्या पदवीवर.

तुला विट्याचा सामना आठवला असेल, त्याच दिवशी तुझा पेपर होता. तू अकरा ते दोन पेपर लिहिलास, एसटी चुकली म्हणून दुधाच्या टेम्पोत बसून आलास, उत्तरार्धात उतरलास. शेवटच्या चढाईत समोरच्या चढाईवाल्याचा घोटा तुझ्या हातातून निसटला. एका गुणानं गेलो. आणि मी सगळ्या पोरांसमोर बोललो, "याचा जीव पेपरात अडकलाय, मैदानात कशाला आला?" तू काही बोलला नाहीस. येताना आयर्विन पुलावर उतरून चालत गेलास. त्यानंतर आपण बोललो, हसलो, माझ्या लग्नात तू वाढप्या झालास आणि बुंदी अर्धी स्वतःच खाल्लीस, पण ते वाक्य तसंच राहिलं. मी चुकलो होतो. त्या आधीच्या चढाईत कोपरा सोडून पुढे गेलो होतो मी, बोनसचा गुण तिथं गेला. सरांनी मला एकट्याला सांगितलं होतं. तुला मी कधीच सांगितलं नाही.

तुझ्या बढतीचं कळलं, मनापासून आनंद झाला. वहिनींना नमस्कार. पोरीला मैदानात सोड, नुसत्या क्लासला नको. भडंग पाठवतोय.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुझ्याही बोटांना पट्टी होती. आदल्या दिवशी सरावात लागलेली, मीच बांधली होती. मग तीन तास पेन कसं धरलं होतंस? तेवढं सविस्तर कळव.

तुझा,
बाळ्या