वाढलेल्या प्लेटलेट्सचीही दखल घ्यावी

डेंग्यूच्या दिवसांत सोलापुरात घरोघरी प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती उतरल्या याचीच चौकशी होते. माझ्या बहिणीच्या रिपोर्टवर मात्र ७,८०,००० हा आकडा ठळक छापलेला असूनही तो कोणी मनावर घेतला नाही, याचे वाईट वाटते. सर्वसाधारण प्रमाण १.५ ते ४.५ लाख असते. लोहाच्या कमतरतेने किंवा जंतुसंसर्गाने ते तात्पुरते वाढते हे खरे. परंतु ते चढेच राहिल्यास अस्थिमज्जेचा (हाडांतील रक्त तयार करणाऱ्या मगजाचा) विकार असू शकतो आणि त्यात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. तळव्यांची आग, क्षणभर येणारी अंधारी ही त्याची लक्षणे असू शकतात; पण त्यांना आपण ‘ऊन बाधले’ म्हणून मोकळे होतो. आकडा १० लाखांपलीकडे गेल्यास रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये. तपासणी केंद्रांनी अशा रिपोर्टवर फेरतपासणीची सूचना मराठीत छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर