पहिल्या खुर्चीवरचा साथीदार

पुणे,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचून पंधरा दिवस झाले. ‘तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यामागे गज ओढला, आता सहा महिन्यांत तारासुद्धा बदललेल्या नाहीत,’ हे वाचलं आणि उत्तर लिहायला हात धजेना. आज लिहितोय, कारण गेले काही दिवस रोज रात्री एकाच माणसाला ऐकतोय आणि त्याच्याबद्दल तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. व्हायोलिनवादक शिमॉन गोल्डबर्ग त्याचं नाव.

पोलंडमधल्या व्लोत्स्वावेकचा, जन्म १९०९ चा. आठव्या वर्षी बर्लिनला व्हायोलिनचे गुरू कार्ल फ्लेश यांच्याकडे शिकायला गेला आणि सोळाव्या वर्षी ड्रेस्डेन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या खुर्चीवरचा मुख्य व्हायोलिनवादक झाला! १९३० मध्ये संचालक फुर्टव्हेंगलर यांनी त्याला बर्लिन फिलहार्मोनिकच्या पहिल्या खुर्चीवर आणून बसवलं, तेव्हा त्याने विशी जेमतेम गाठली होती.

ही खुर्ची संचालकाच्या डाव्या हाताला, अगदी लगत. ओबोने सूर दिला की सगळ्यांची वाद्यं नीट लागताहेत ना, हे बघायचं काम तिथल्या माणसाचं. कुठल्या सुरावर गज खाली ओढायचा, कुठल्या सुरावर वर न्यायचा, हे तो आपल्या प्रतीत पेन्सिलीने मांडतो आणि त्या खुणा मागच्या सगळ्यांच्या प्रतींत उतरतात. पंधरा-सोळा गज एकदम खाली येताना आपण बघतो ना, ते असं आधी ठरलेलं असतं. आणि त्या सगळ्यात त्याचा स्वतःचा आवाज वेगळा ओळखू येता कामा नये. अरे, हे तुझंच काम की!

पुढे नाझी आले. गोल्डबर्ग ज्यू. फुर्टव्हेंगलर यांनी ज्यू कलावंतांच्या बाजूने नाझींचे प्रचारमंत्री गोबेल्सना पत्र लिहिलं, ते वर्तमानपत्रात छापूनही आलं, पण १९३४ मध्ये खुर्ची सोडावीच लागली. त्याच वाद्यवृंदातला सेलोवादक निकोलाय ग्राउदान, तोही ज्यू, त्याचीही जागा गेली. युद्धानंतर अमेरिकेत हे दोघं पुन्हा शेजारी बसून फेस्टिव्हल क्वार्टेट या चौघांच्या संचात वाजवत होते, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं.

पण मधली वर्षं वाईट. हंगेरीची पियानोवादक लिली क्राउस आणि तो, दोघं मिळून मोत्सार्ट आणि बेथोवेनचे सोनाटा, म्हणजे पियानो-व्हायोलिनच्या जोडीच्या रचना, वाजवत हिंडायचे. १९४२ मध्ये जपानी सैन्याने जावा बेट घेतलं तेव्हा दोघंही तिथेच अडकले. १९४५ पर्यंत कैदेत. ऐन तिशीतली तीन वर्षं गेली, सुधीर! सुटल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून मांडामांड केली आणि १९५५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला नेदरलँड्स चेंबर ऑर्केस्ट्रा उभा केला. वीसहून अधिक वर्षं तो सांभाळला, कधी संचालन करत, कधी स्वतः व्हायोलिन घेऊन.

मी रोज ऐकतो ते मात्र १९७४ चं ध्वनिमुद्रण, मोत्सार्टचे सोनाटा. हा पासष्ट वर्षांचा आणि पियानोवर रादू लुपू, तिशीही न गाठलेला पोरगा. मोत्सार्टच्या काळी हे सोनाटा ‘पियानोसाठी, व्हायोलिनच्या साथीसह’ असे छापले जायचे. म्हणजे साथीदार व्हायोलिनवालाच! जिथे चाल पियानोकडे आहे तिथे गोल्डबर्ग आवाज इतका बारीक करतो की नुसता धागा उरतो, पण धागा तुटत नाही. ई मायनरमधला सोनाटा आधी ऐक. दोघं एकच चाल घेऊन निघतात, सप्तकाचं अंतर ठेवून, खाली कसलाच आधार नाही. कोण कोणामागे चाललंय, कळत नाही. दुसऱ्या भागात पियानो एकटाच सुरू होतो, व्हायोलिन गप्प. मी मुद्दाम त्या गप्प राहण्याकडे कान लावून बसतो. मग तीच चाल तो अशी उचलतो की वाटावं, इतका वेळ मनातल्या मनात म्हणतच होता. मला त्या क्षणी दादरची ती बैठक आठवली. बुवांचा आवाज बसला होता आणि अंतऱ्यात त्यांनी सोडलेला षड्ज तू हळूच धरून ठेवला होतास. लोकांनी टाळ्या बुवांना दिल्या. मी तुझ्या गजाकडे बघत होतो.

आणखी एक. ज्या जपानच्या सैन्याने त्याला डांबून ठेवलं, त्याच जपानमध्ये त्याची अखेरची वर्षं गेली. पियानोवादक मियोको यामाने ही त्याची पत्नी. ऐंशी ओलांडल्यावर तो न्यू जपान फिलहार्मोनिकचं संचालन करत होता. १९९३ मध्ये तिथेच, तोयामाला, त्याचं निधन झालं. हे सगळं त्याला कसं जमलं असेल, याचा विचार करत मी जागा राहतो.

दिवाळीत ये. काकूंना साष्टांग नमस्कार सांग. व्हायोलिन बरोबर आण, नव्या तारांचा संच मी आणून ठेवलाय.

तुझा,
विनायक