मनू, संगणक सुरू झाला

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी सव्वासहाला आपला जुना संगणक सुरू झाला. पेनड्राइव्ह काढून ठेवला होता, तरी स्वतःच्या हार्डडिस्कवरून उठला. लगेच तुला फोन लावणार होते, पण ती तुझी कामावर निघायची वेळ, म्हणून आज लिहायला बसले. लोहाची गोळी चालू आहे ना? असू दे, ते मागाहून. आधी हे सांगते.

तू दिलेला पेनड्राइव्ह तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी लावला. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या आणि सगळं तिथेच थांबलं. मी त्या वहीत उतरवून घेतल्या. अर्थ एवढाच, की या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, एक्स८६-६४ सीपीयू लागतो आणि इथे आय६८६ सापडला आहे. आपला पेंटियम ४ आहे २००४ सालचा, ३२ बिटचा, आणि तू दिलीस ६४ बिटची सिस्टिम. तुझी चूक नाही गं, आता बहुतेक ठिकाणी तीच मिळते. दादा म्हणाला, डेबियन नावाची जी लिनक्स सिस्टिम आहे, तिच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत आपल्यासारख्या ३२ बिटच्या मशीनसाठी इन्स्टॉलरच ठेवलेला नाही. मग त्यानेच अँटीएक्स २३ ही दुसरी लिनक्स सिस्टिम शोधून दिली. ती डेबियन १२ वर उभी आहे, ३२ बिटमध्ये मिळते आणि थोडक्या मेमरीत भागवते.

त्याच फोनवर दादाच्या तोंडून निघून गेलं, की गणपतीच्या आधी तू ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडलीस. हिमोग्लोबिन ८.२. त्याच्यावर रागावू नकोस, मी खोदून विचारलं. पण मनू, माळ्यावरून हा संगणक खाली घेताना तू दोनदा भिंतीला टेकून उभी राहिलीस. मला वाटलं, धुळीने दम लागला. मी तुला ओला फडका आणून दिला आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेले. ते राहून राहून डोळ्यांपुढे येतं.

तर अँटीएक्स सुरू झाली, पण इन्स्टॉल करताना फाइली उतरता उतरता मध्येच गोठायची. माउसचा बाणसुद्धा हलेना. मी पाऊण तास वाट बघितली, बंद करून पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी तर पडदाच उजळला नाही, नुसती लांब लांब शिटी वाजत राहिली. ती रॅमची, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांची शिटी, हे मला आठवत होतं. बाबा करायचे तसं केलं. प्लग काढला, बाजूचं झाकण उघडलं, दोन्ही पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला. रबराचा चुरा काळा पडत गेला आणि दात पुन्हा चकचकीत झाले. पट्टी परत बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून आपोआप मिटल्या पाहिजेत. मिटल्या. शिटी थांबली.

गोठणं मात्र थांबलं नाही. मग सुरुवातीच्या यादीतली मेमरी टेस्ट लावली. रात्री साडेअकराला चुका दाखवणाऱ्या लाल ओळी यायला लागल्या, एकामागून एक. एक पट्टी काढून दुसरी तपासली, मग ती काढून पहिली. २००७ मध्ये तुझ्या प्रोजेक्टसाठी वाढवली होती ती २५६ एमबीची पट्टी गेलेली निघाली. मूळची शाबूत आहे. तिच्यावर लाल ओळ एकही आली नाही. हे सगळं उरकेपर्यंत दोन वाजले, आणि तेव्हा तू फोनवर ऑनलाइन दिसलीस. शिफ्ट बाराला संपते असं तूच सांगितलं होतंस. मी काही लिहिलं नाही. पण ज्या अंगात रक्त कमी आहे त्याला झोप तरी पुरेशी नको का? जेवलीस का त्या दिवशी? की पुन्हा बिस्किटं आणि चहा?

बघ, लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

उरली २५६ एमबी. एवढ्या मेमरीत इन्स्टॉलर पुरा होईना. दादाने फोनवरून सांगितलं, आधी हार्डडिस्कवर एक जीबीची जागा स्वॅपला दे, ती चालू कर आणि मगच इन्स्टॉल लाव. मेमरी कमी पडली की सिस्टिम त्यातलं थोडं सामान डिस्कवर नेऊन ठेवते. डिस्क सावकाश, म्हणून सगळंच सावकाश होतं, पण अडत नाही. साडेतीन तास ती डिस्क कुरकुरत होती. मी शेजारी बसून पावटे सोलले.

मग घड्याळाचा घोळ. प्रत्येक वेळी तारीख २००२ सालची. दादाने सांगितल्याप्रमाणे ब्राउझर उघडला तर एकही साइट उघडेना. म्हणे, साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. बरोबरच आहे, आजची प्रमाणपत्रं २००२ मध्ये कुठली लागू व्हायला? मदरबोर्डवरचा सेल संपला होता. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळाला. तो बदलला, तारीख घातली, काम झालं.

तू विचारलं होतंस, एवढा आटापिटा कशासाठी. शेजारच्या धाकटीची मराठी टायपिंगची परीक्षा आहे, मिनिटाला ३० शब्दांची. तिच्या घरी एकच फोन, तोही वडील घेऊन जातात. सरावाला इंटरनेट लागत नाही, लागतो तो खरा कीबोर्ड. आणि हा संगणक मला टाकवत नाही, हेही खरं. पतपेढीचं कर्ज काढून आणलेला आहे तो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात आलं तेव्हा बाबांनी आधी तुझी प्रमाणपत्रं आणि मग हा माळ्यावर चढवला, गादी राहिली तरी चालेल म्हणाले.

इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी कीबोर्डची मांडणी, लावून धाकटीला बसवलं. डाव्या हाताला स्वर नि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च. मी तुला शिकवलं तेव्हा तुझे पाय जमिनीला टेकत नव्हते. तुला पहिला शब्द दिला होता 'आई', कारण तो सोपा. शिफ्ट धरून इंग्रजी ई आणि आर, दोन्ही बटणं शेजारीशेजारी. तू अख्खं पान भरून तेवढंच लिहिलंस आणि जेवायला उठायलाच तयार नव्हतीस. घास मी भरवला, तुझे हात कीबोर्डवरच होते. आज तू एवढ्या मोठ्या सर्व्हरांचं काम बघतेस, लोकांची बंद पडलेली यंत्रं रात्री उठून सुरू करतेस. मी इथे सगळ्यांना सांगत असते.

आता गोळीचं. ती चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. संडास काळी झाली तर घाबरू नकोस, ती गोळीनेच होते, पण त्यापायी गोळी बंद करायची नाही. नाचणीची भाकरी कर, नाहीतर सत्त्व तरी. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, कळतं मला, पण कंटाळ्यावर तुझ्या वयात...

माफ कर. पुन्हा शिकवायलाच लागले. निघताना तू म्हणालीस, "आई, ते भंगारात दे, मी नवा लॅपटॉप पाठवते," आणि मी म्हणाले, तुझे पैसे तुझ्यापाशी ठेव. तू प्रेमाने बोलत होतीस. मी तोडून बोलले. तू हातावर दही न घेता रिक्षात बसलीस, आणि वाटी माझ्या हातात राहिली. त्यावरून काही मनात ठेवू नकोस.

दादाबरोबर अळिवाचे लाडू पाठवते आहे, एकवीस आहेत, रोज एक. महिन्याने रक्त पुन्हा तपास आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव, दादाला नको. आकडा कमी आला तरी पाठव.

एक अडचण राहिली आहे. संगणक बंद करून लावला की कीबोर्ड पुन्हा इंग्रजी होतो, रोज नव्याने मराठी करावा लागतो. धाकटी सकाळी साडेसातला येते. ते कायमचं कुठे लिहून ठेवायचं, एवढं सांग. पण रात्री फोन करू नकोस. झोप झाल्यावर कर.

तुझी,
आई