चोडणच्या चिखलातला शंख

खानापूर

प्रिय सुनील,

काय मर्दा, बरा हाईस न्हवं? परवा फोनवर अर्धंच बोलणं झालं, रेंज गेली, म्हणून आता निवांत लिहितोय.

चोर्ला घाटातून गोव्याला गेलो होतो ना, तेव्हा रायबंदरला फेरीबोटीत गाडी घातली आणि चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्यात गेलो. सगळे दुर्बिणी लावून पक्षी शोधत होते, माझं मात्र खालीच लक्ष गेलं. ओहोटी लागलेली, तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर आलेली आणि त्यांच्या मधे काळपट तपकिरी, शंकूसारखे टोकदार शंख पडलेले, कुठं एकटे, कुठं घोळका करून. 8-10 सेंटिमीटर तरी लांब असतील, हातात घेतला तर चांगलाच जड. मला वाटलं रिकामाच हाय, पण खाली ठेवून गप बघत बसलो तर हळूच सोंड बाहेर आली आणि वरचा चिखल खात खात गडी निघाला की पुढं!

घरी आल्यावर वाचत बसलो. टेलिस्कोपियम टेलिस्कोपियम असं नाव, लिनियसनं 1758 सालीच नोंद केलेली. चिखलावरचं शेवाळ आणि कुजलेला पालापाचोळा हे त्याचं जेवण, पाण्याबाहेर बराच काळ तग धरतो, अंडी जेलीच्या लांब दोऱ्यात घालतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे डोक्यावरच्या दोन डोळ्यांशिवाय त्याला अंगावरच्या पडद्याच्या कडेला तिसरा डोळा असतोय! हे वाचून मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं बघ.

आता तुला एवढं का सांगतोय, तर चोडणच्या कडेनं वाहणारी ती मांडवी नदी म्हणजे आपली म्हादईच की. आपल्या तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावते तीच. आपल्याकडं म्हादई म्हटलं की टीएमसीवरच (म्हणजे अब्ज घनफूट पाण्यावरच) येतात सगळे, 2018 ला म्हादई पाणीवाटप लवादानं कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं, ते पुरतंय का नाही, म्हादईचं पाणी मलप्रभेकडं वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प कधी होणार, चहाच्या टपरीवर हेच. प्यायला पाणी पाहिजेच, हुबळी-धारवाडच्या माणसांची तहान खोटी नाही, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण नदीचं गोडं पाणी आणि गाळ खाली जाऊन समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळतो तेव्हाच तसली खाजणं, म्हणजे खाऱ्या चिखलाच्या सखल जमिनी, आणि खारफुटी उभी राहते, आणि त्या चिखलावर हे जीव जगतात. समुद्राला गेलेलं पाणी वाया गेलं असं कोण म्हणालं की आता मला राहवत नाही, मी तिथंच वाद घालतो. हिशोबात त्या चिखलाचाही वाटा धरायला पाहिजे, माझं मत हाय हे, तुला पटतंय का लिही.

पावसाळा संपला की ये. आधी भीमगडच्या बाजूला जाऊ, जंगल खात्याची परवानगी मी बघतो, मग दुसऱ्या दिवशी चोडण. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवायला पाहिजे, भरतीत गेलो तर काही दिसणार नाही. काकूंना नमस्कार सांग, पोरांनाही घेऊन ये.

तुझाच,
बाळू