'कोलंबो' पाहताना वीस मिनिटांनी थांबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गुन्हेगारी मालिका मित्रमंडळींनी एकत्र बसून पाहण्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत जे लिहून आले, त्यात 'कोलंबो' ही अमेरिकी मालिका एका ओळीत उरकली होती, आणि तीही 'खुनी ओळखा' प्रकारच्या मालिकांच्या यादीत. या मालिकेवर हा अन्याय आहे. 'कोलंबो'मध्ये खून आपल्यादेखत होतो. कोणी केला, कसा केला, अंगावरचे डाग कुठे पुसले, हे सगळे प्रेक्षकाला माहीत असते आणि तपास करणाऱ्याला नसते. गटाने पाहायला माझ्या मते याहून चांगली मालिका नाही. मात्र ती पाहण्याची एक रीत आहे, मध्ये दोनदा थांबून. ती न पाळता नुसती लावून दिली, तर अर्ध्या तासात कुणीतरी म्हणतेच, "खुनी तर कळला, आता काय बघायचे?"

कोलंबो हा तपास करणारा पोलिस अधिकारी, रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाचे पात्र. पीटर फॉक या भूमिकेत पहिल्यांदा दिसले ते १९६८ साली. मालिका म्हणून ती एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर १९७१ ते १९७८ चालली, पुढे १९८९ ते २००३ एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर अधूनमधून आली. एकूण भाग ६९. आधी गुन्हा आणि मग शोध ही उलटी मांडणी इंग्रजी रहस्यकथेत ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२च्या सुमारासच वापरली होती. ती दूरचित्रवाणीवर पक्की रुजवली लेव्हिन्सन-लिंक यांनी.

आपल्याकडे मराठी प्रेक्षक 'एक शून्य शून्य'वर वाढला, मग 'सीआयडी' आली. दोन्ही बी. पी. सिंग यांच्या, दोन्हींत शिवाजी साटम. त्यामुळे तर्क म्हणजे नाव ओळखणे ही सवय अंगात मुरली आहे. गटात या सवयीचा तोटा असा की चटकन बोलणारा एक जण नाव सांगून मोकळा होतो आणि बाकीचे गप्प बसतात. बरोबर आले तर चर्चा संपते, चुकले तर तो आपलेच म्हणणे लावून धरतो. 'कोलंबो'त नाव आधीच हातात असल्याने ही शर्यत लागतच नाही. प्रश्न उरतो तो सापडणार कसा, आणि याला एकाहून अधिक उत्तरे असू शकतात. सहा जणांची सहा उत्तरे निघाली की संध्याकाळ रंगते.

माणसे पाच-सहाच असावीत. आठ झाली की दोन कोंडाळी पडतात. सुरुवात १९७१-७२च्या पहिल्या मोसमातल्या सात भागांपासून करावी. ते प्रत्येकी साधारण सव्वा तासाचे आहेत, दोन थांबे आणि शेवटची चर्चा धरून अडीच तासांत बैठक आटोपते. पुढच्या मोसमांतले बरेच भाग दीड तासाच्या वर जातात आणि त्यांतल्या काहींत मधला भाग ताणलेला जाणवतो. नव्या मंडळींना ते आधी दाखवू नयेत.

टीव्हीचे एक महत्त्वाचे. ही मालिका ४:३ आकाराच्या पडद्यासाठी चित्रित झाली आहे. आजचा रुंद टीव्ही कधी चित्र आडवे ताणतो, कधी 'झूम' करून वरचा-खालचा भाग छाटतो. ताणलेले चित्र नुसते वाईट दिसते, छाटलेले मात्र घात करते, कारण टेबलावरची वस्तू, हातातला कागद, बुटाचे टोक हे सगळे चौकटीच्या खालच्या कडेला असते. सेटिंगमध्ये 'पिक्चर साइज' ४:३ करावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे चित्र पूर्ण आहे. हलते चित्र गुळगुळीत करणारी 'मोशन'ची सोय बंद करावी, तिच्यामुळे फिल्मवर चित्रित केलेला भाग व्हिडिओसारखा दिसतो. इंग्रजी सबटायटल जरूर लावावीत, फॉक पुटपुटतात आणि नेमके तेच महत्त्वाचे असते. दिवे पूर्ण मालवू नयेत, चिठ्ठ्या लिहिण्यापुरता उजेड हवा.

पहिला थांबा कोलंबो घटनास्थळी पाऊल ठेवतो तेव्हा. बहुतेक भागांत हा क्षण पंधराव्या ते पंचविसाव्या मिनिटाच्या दरम्यान येतो. रिमोट ज्याने तो भाग आधी पाहिला आहे त्याच्या हाती द्यावा, म्हणजे त्याला काम मिळते आणि तोंड बंद राहते. इथे प्रत्येकाने न बोलता दोन गोष्टी लिहायच्या: खुन्याने केलेली एक चूक, आणि ती सिद्ध करायला लागणारी एक वस्तू किंवा एक साक्षीदार. चिठ्ठी घडी करून डब्यात. वाचायची शेवटी. आधी वाचली की बाकीचे त्याच दिशेने पाहू लागतात आणि पाच चिठ्ठ्यांची एकच होते.

काय लिहायचे हे समजण्यासाठी एकच भाग उघडून सांगतो, 'मर्डर बाय द बुक'. ज्यांना आधी पाहायचा आहे त्यांनी हा उरलेला आणि पुढचा परिच्छेद सोडावा. १५ सप्टेंबर १९७१ रोजी प्रसारित झालेल्या या भागाचे दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग तेव्हा २४ वर्षांचे होते. सुरुवातीला रस्त्याने एक गाडी येते आहे आणि कानावर पडते ती टाइपरायटरची टकटक. जिम आणि केन ही रहस्यकथा लिहिणारी जोडी. खरा लिहिणारा जिम, केन फक्त मिरवणारा. जिम जोडी मोडणार म्हणून केन त्याला लॉस एंजेलिसहून सॅन दिएगोजवळच्या आपल्या तळ्याकाठच्या घरी नेतो. तिथून जिमला त्याच्या बायकोला फोन करून 'ऑफिसात काम करतोय' असे सांगायला लावतो आणि फोन चालू असतानाच गोळी झाडतो. बायकोच्या दृष्टीने खून लॉस एंजेलिसमधल्या ऑफिसात झाला, आणि त्या वेळी केन कित्येक मैल दूर.

पहिल्या थांब्यावरच्या चिठ्ठ्यांत बहुधा फोनचा दुवा किंवा वाटेत भेटलेली दुकानवाली येते. दोन्ही ठीक आहेत. कोलंबो मात्र साध्या वागण्यावर अडतो. भागीदार गायब आहे असे कळल्यावर माणूस विमानाने न येता गाडी हाकत का आला? आणि आपल्या अंगणात त्या भागीदाराचे प्रेत सापडल्यावर त्याने आलेली टपालाची पाकिटे फोडून कशी पाहिली? हे प्रसंग पहिल्या थांब्यानंतर येतात, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी कुणाच्या नजरेला ती पाकिटे पडतात हे पाहण्यासारखे असते. पण यातून जन्मतो तो संशय. पुरावा वेगळा लागतो, आणि इथेच हा भाग लंगडा पडतो. खुनाची ही युक्ती जिमने कधीतरी कागदावर टिपून ठेवलेली असते, तो कागद कोलंबो पुढे करतो आणि केन कबूल होतो. दिग्दर्शन अव्वल, पण खटल्याच्या दृष्टीने शेवट कच्चा, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसरा थांबा भाग संपायला बारा-तेरा मिनिटे उरली असताना, पडद्यावरची वेळेची पट्टी पाहून घ्यावा. तोवर सगळे दुवे प्रेक्षकापुढे आलेले असतात. पाच मिनिटांत दुसरी चिठ्ठी: कोलंबो आता नेमके काय करेल? चिवडा, चहा याच थांब्यात. एरवी कुरकुरीत काही नको, आणि कोलंबो निरोप घेऊन दाराकडे वळला की कुणी पाण्यालाही उठू नये. तो परत फिरून 'आणखी एकच गोष्ट' विचारतो तोच खरा प्रश्न असतो. (ही लकब मालिकेच्या आधीचे कोलंबोवरचे नाटक लिहिताना सापडली. प्रसंग आखूड पडला होता आणि पाने पुन्हा टाइप करण्याचा कंटाळा, म्हणून लेखकांनी गेलेल्या कोलंबोला परत आणले.)

भाग संपल्यावर चिठ्ठ्या वाचाव्यात आणि मग खरे काम करावे: मुद्देमालाची यादी. एका कागदावर तीन रकाने आखावेत: वस्तू, ती कुठून व कुणासमोर मिळाली, तिच्यातून काय सिद्ध होते. त्याखाली साक्षीदार. खुन्याने शेवटी दिलेली कबुली या यादीत घ्यायची नाही. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५नुसार पोलिस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नसे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम २३मध्ये आहे. ताब्यातल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर तिच्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग ग्राह्य. अमेरिकेत नियम वेगळा. तिथे १९६६च्या मिरांडा निकालापासून ताब्यातल्या माणसाला आधी त्याचे हक्क सांगावे लागतात, आणि कोलंबो बहुतेक बोलणी अटकेच्या आधीच करतो. आपल्या सत्र न्यायालयात हे प्रकरण टिकेल का, असे विचारले की आतापर्यंत गप्प असलेली माणसेही सरसावतात.

या कसोटीवर १९७१चा 'सुटेबल फॉर फ्रेमिंग' शंभर नंबरी उतरतो. शेवटच्या काही सेकंदांत जे दिसते ते वस्तूरूप आहे, त्याला कबुली लागत नाही. ते इथे सांगत नाही. १९७४च्या 'निगेटिव्ह रिअ‍ॅक्शन'मध्ये आरोपी साक्षीदारांदेखत एक कृती करून बसतो, तोही भक्कम. लंडनमध्ये घडणारा १९७२चा 'डॅगर ऑफ द माइंड' मुद्दाम पाहावा, कारण पोलिसाने कुठवर जावे यावर त्याच्याइतके कडाक्याचे भांडण दुसऱ्या भागावर होणार नाही. १९७६चा 'लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर' सुरुवातीला लावू नका. त्यात खुनी आधी दाखवलेलाच नाही आणि वर सांगितलेली पद्धत तिथे कोलमडते. १९८९नंतरचे भाग मला फिके वाटतात, तरी आधीचे संपल्यावर त्यांतलेही निवडून पाहता येतील.

पुरवणीत या मालिकेवर पुढे काही छापणार असाल तर भागाचे नाव, वर्ष आणि लांबी जरूर द्यावी. कथासूत्र मात्र खून होतो तिथवरच द्यावे, शेवटचा दुवा छापू नये.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे