युद्धपट दाखवा, पण त्यावर तासही घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर शाळेच्या सभागृहात एखादा युद्धपट दाखवण्याची प्रथा आता बरीच रुळली आहे. मुले टाळ्या वाजवतात, घोषणा देतात आणि घरी जातात. इतिहासाच्या तासाला त्या चित्रपटाचे पुन्हा नावही निघत नाही. जुन्या युद्धपटांतून इतिहास आणि मूल्ये ही दोन्ही उत्तम शिकवता येतात, अशी माझी खात्री आहे. मात्र खरे शिकवणे चित्रपट संपल्यावर सुरू होते आणि नेमके तेच आपण टाळतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) हे उदाहरण घेऊ. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये गेले, काही सहकारी मायदेशी परतल्यावरही तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. इथवर पडदा आणि इतिहास बरोबर चालतात. पुढे मात्र पडद्यावरचे कोटणीस भीषण साथीशी लढता लढता स्वतःच त्या रोगाला बळी पडतात. प्रत्यक्षात त्यांचा मृत्यू अपस्माराने झाला. चित्रपटाच्या अखेरीस मृत्युशय्येवरचे कोटणीस पत्नीला सोलापूरच्या घराची वाट सांगतात आणि ती बाळाला घेऊन त्या घरी पोहोचताना आपल्याला दिसते. हा प्रसंग पाहताना आजही डोळे भरून येतात, पण त्यांच्या पत्नी कुओ छिंगलान प्रत्यक्षात चीनमध्येच राहिल्या. त्या भारतात आल्या त्या बऱ्याच वर्षांनी, पाहुण्या म्हणून.

हा फरक लपवण्याचे काहीच कारण नाही. मी तर म्हणेन, धडा तिथेच आहे. कोटणीस माओंच्या आठव्या रूट आर्मीसोबत, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या सैन्यासोबत, काम करत होते आणि मृत्यूच्या काही महिने आधी त्यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला होता. यातले चित्रपटात किती दिसते आणि १९४६ च्या भारतात, ब्रिटिश राजवट अजून असताना, किती दाखवता आले असते, हे मुलांना शोधू द्यावे. १९४० च्या लढाईत सलग ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया करणारा, अपस्माराचे झटके येत असतानाही विद्यार्थ्यांना शिकवत राहणारा हा डॉक्टर मोठा ठरण्यासाठी पटकथेतल्या साथीची गरज नाही, हे आठवी-नववीच्या मुलांना सहज उमगते. परिपाठातल्या बोधकथेपेक्षा हे मूल्यशिक्षण कितीतरी खोल जाते, कारण इथे सेवावृत्तीबरोबर सत्याची चाडही शिकवली जाते.

याच्या जोडीला चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) दाखवावा. १९६२ च्या युद्धानंतर दोनच वर्षांनी आलेल्या या चित्रपटात लडाखच्या थंडीत अपुऱ्या साधनांनिशी लढणारे जवान आहेत आणि समोर आहे तोच चीन, ज्याच्या जखमींसाठी कोटणीसांनी आयुष्य वेचले. दोन्ही चित्रपट पाहिलेला मुलगा ‘मग चीन आपला मित्र की शत्रू?’ असे विचारणारच. शिक्षकाने या प्रश्नाचे घाईने उत्तर देऊ नये. राष्ट्रांचे संबंध बदलतात, सीमावाद कसा चिघळतो आणि सरकारांच्या निर्णयांची किंमत सैनिक कशी मोजतो, हे सारे याच प्रश्नातून उलगडत नेता येते. केवळ त्वेष जागवायचा असेल तर ‘हकीकत’ एकटा पुरे. इतिहास शिकवायचा असेल तर दोन्ही हवेत.

अडचणी आहेत. ३५ मिनिटांच्या तासिकेत अखंड चित्रपट बसत नाही, पण निवडक दोन-तीन प्रसंग नक्कीच बसतात. लहान वर्गांना मृत्यूची आणि जखमांची दृश्ये दाखवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

शिक्षण विभागाने अशा निवडक चित्रपटांसाठी शिक्षकांना दोन-दोन पानांची टिपणे द्यावीत, ज्यात चित्रपट कधी आणि कोणत्या परिस्थितीत निघाला, त्यातले काय घडले होते आणि काय कल्पित आहे, एवढे स्पष्ट दिलेले असेल. सोलापुरात तर कोटणीसांच्या राहत्या घराचेच स्मारक झाले आहे. निदान इथल्या शाळांनी येत्या ९ डिसेंबरच्या आठवड्यात चित्रपटातले प्रसंग दाखवून मुलांना तिथे न्यावे, अशी मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक इतिहास शिक्षक, सोलापूर