वाळूजच्या काकांना, अख्ख्या चकतीबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी झिर्कोनियाची, म्हणजे त्या कठीण सिरॅमिकची, अकरावी चकती मायक्रोवेव्ह भट्टीतून काढली. अख्खी निघाली! भाजून आकसून वीस मिलिमीटरची सोळावर आली होती. ओट्यावर हलकेच टाकली तर टण्ण वाजली, आणि मी तिथंच रडायला लागले.

आधीच्या दहा फुटल्या. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत पैसे भरून नमुने पाठवले, तर चुरा परत आला, सोबत एक ओळसुद्धा नाही. एका तज्ज्ञांनी फोनवर सुनावलं, "परभणीकडच्या मुलींनी कशाला पडावं या भानगडीत?" ते अजून टोचतं.

तुम्ही मात्र चहाच्याही आधी विचारलंत, "तुकडे जपून ठेवलेत का बाळा?" मी लाजत डबी काढली. तुम्ही खिशातला धुतलेला पांढरा रुमाल टेबलावर पसरलात आणि एकेक तुकडा जुळवत बसलात. रुमालावर काळपट पूड सांडली, तुम्ही बघितलंही नाही. दीड वर्षाच्या माझ्या नुकसानीला इतक्या हलक्या हातानं कुणी शिवलं नव्हतं, काका.

"तडा मधून निघालाय बघ. पोट तापलं, कड गार राहिली."

झिर्कोनिया थंड असते तोवर मायक्रोवेव्ह लहरी फारशा शोषत नाही. साधारण पाचशे अंशांपुढं मात्र अधाशासारखी शोषते, आणि जिथं जास्त तापली तिथंच आणखी तापत जाते. हे मी वाचलेलं होतं. तुकड्यात बघायचं कसं, ते तुम्ही शिकवलंत. जुन्या भट्टीतल्या सिलिकॉन कार्बाइडच्या दांडीचे तुकडे पिशवीत बांधून दिलेत. "हे भोवती मांड. हे पहिल्यापासून तापतं, बाहेरून ऊब देईल. मग ती आतून आपली आपण तापेल." चौदाशे अंशांपर्यंत तसंच झालं. पैशाचं विचारलं तर रागावलात.

भट्टीसमोर तीस वर्षं काढलेल्या माणसाचं नाव शोधनिबंधात कुणी घालत नाही. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलं नाव तुमचंच येईल. गाईडना सांगून ठेवलंय.

ही चकती चाचणीसाठी कापणार नाही, त्यासाठी दुसरी भाजते. ही तुमची आहे. पाडव्याला घरी आहात ना? आईनं पुरणपोळ्या द्यायच्या ठरवल्यात.

तुमची,
परभणीची लेक